साचा बदलून मिळणार नाही

या जगात तीन गोष्टी बदलता येत नाहीत. आपला जन्म, आपले शेजारी आणि बँकेचा छापील फॉर्म. पैकी पहिल्यावर पुनर्जन्माचा आणि दुसऱ्यावर बदलीचा उतारा आहे. तिसऱ्यावर अजून काही निघालेले नाही.

हा फॉर्म कोण तयार करतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलेले नाही. तो हेड ऑफिसातून येतो एवढेच ठाऊक. हेड ऑफिसात विचारावे तर तो 'वरून' आला असे सांगतात. त्या अर्थी तो वेदांसारखा अपौरुषेय असावा. माणसे नाना तऱ्हेची, चौकोन मात्र ठरलेले. 'उत्पन्नाचे साधन' या रकान्यात नोकरी, व्यवसाय, शेती आणि इतर असे चार पर्याय असतात. एका कीर्तनकारबुवांनी चारही खोडून वर 'हरिकृपा' असे लिहिले. साहेबांनी फॉर्म परत पाठवला. म्हणाले, "हरिकृपेला आपली हरकत नाही, पण ती 'इतर'मध्ये बसवा."

बसवली. बँकेतल्या कारकुनाचे सारे आयुष्य या एका शब्दात आले. माणूस बदलता येत नाही, फॉर्म बदलता येत नाही. मधल्या मध्ये आपण बसवायचे.

हे दुःख जगात फक्त आमच्याच वाट्याला आले आहे, अशी समजूत करून घेऊन मी सुखात होतो. माझ्या भाच्याने ते सुख घालवले. भाचा संगणकाचा इंजिनिअर. हिंजवडीला असतो. पगार माझ्या तिप्पट आणि डोक्यावर केस माझ्या निम्मे. एका रविवारी जेवायला आला आणि वरणभातावरच गप्प झाला.

"काय रे, आमटी तिखट झाली का?" हिने विचारले.

"नाही गं मामी. जेसन छळतोय."

"कोण हा? वसईकडचा का?" मी म्हणालो.

"माणूस नाही रे मामा! जेसन ही माहिती लिहायची पद्धत आहे."

आणि त्याने मोबाइलवर नमुना दाखवला. पाहतो तर महिरपी कंस! शाळेत पदावली सोडवताना ज्याने छळले तोच. (कंस आणि मामा यांचा संबंध तसा जुनाच आहे.) कंसाच्या आत डावीकडे रकान्याचे नाव, मग दोन टिंबे, मग उजवीकडे मजकूर. 'नाव' दोन टिंबे 'गंगूबाई'. 'गाव' दोन टिंबे 'वाई'. मध्ये स्वल्पविराम. बास. गौरीपुढे महिरप मांडावी तशी माहिती दोन कंसांत मांडायची आणि तारेवरून पाठवायची.

डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००१ च्या सुमारास ही पद्धत चालू केली. हे गृहस्थ म्हणतात, मी ती शोधून काढली नाही, ती होतीच; मला फक्त सापडली. आमच्याकडे काउंटरवर ज्याला दुसऱ्याचे पेन सापडते तोही असेच म्हणतो. पण माणूस सज्जन. आपल्या आज्ञावलीच्या परवान्यात त्यांनी अशी अट घातली, की हिचा उपयोग चांगल्या कामासाठी करावा, वाईट कामासाठी करू नये. चेकबुकावर अशी अट छापली तर आमची निम्मी खाती बंद पडतील.

तुम्ही म्हणाल, आमचा या जेसनशी काय संबंध? संबंध आहे. जीएसटीचे पत्रक भरणाऱ्या दुकानदाराची बिले याच कंसांत बसून सरकारदरबारी जातात. प्राप्तिकराचे विवरणपत्र २०२१ पासून याच वेषात जाते. म्हणजे तुमची वर्षाची कमाई महिरपीत बसून आलेली आहे. तुम्हाला फक्त कोणी सांगितले नव्हते.

"यात काय काय लिहिता येतं?" मी विचारले. कॉमर्सच्या पदवीधराला रकाने दिसले की स्वस्थ बसवत नाही.

"अक्षरं, आकडे, खरं किंवा खोटं, 'काही नाही', यादी आणि कंसातला कंस."

"आणि तारीख?"

"तारीख नाही."

मी हातातला घास खाली ठेवला. तारीख नाही? आमच्याकडे तारीख नसलेला चेक मॅनेजरच्या सख्ख्या मेव्हण्याचा असला तरी वटत नाही.

"मग ती जाते कशी?"

"अक्षरांचा वेष घेऊन. कुणी दिवस आधी लिहितं, कुणी वर्ष. अमेरिकेत महिना आधी."

"मग शेऱ्यात लिहायचं, की बाबांनो, हा पहिला आकडा दिवसाचा."

"शेऱ्यालाही जागा नाही. लोक शेऱ्यांतून यंत्राला भलत्या सूचना द्यायला लागले, म्हणून क्रॉकफर्डनी शेरेच काढून टाकले."

शेरा नाही! माझ्या डोळ्यांपुढे आमची सबंध बँक उभी राहिली. शेऱ्याचा रकाना काढला तर आमच्यातले कित्येकजण निवृत्तीपर्यंत करणार काय?

"बरं, मग अडलंय कुठे?"

"दुसऱ्या टोकाला," भाचा म्हणाला. "ही माहिती शेवटी एका क्लासमध्ये बसवायची असते."

हा क्लास म्हणजे शिकवणीचा नव्हे. हा साचा. मोदकाच्या साच्यातून जसा मोदकच निघणार, तसा 'ग्राहक' या क्लासमधून ग्राहकच निघणार. नाव, पत्ता, जन्मतारीख अशा कळ्या पाडलेला. साचा आपण केलेला असला तर प्रश्न नाही, हवी तिथे एक कळी वाढवावी. पण पुष्कळदा साचा दुसऱ्याने केलेला असतो. त्याचा मूळ मजकूर आपल्याला दाखवत नाहीत, दाखवला तर हात लावू देत नाहीत.

"तारखेचा साचा तर खुद्द जावाचा आहे," भाचा म्हणाला.

जावांच्या भानगडीत पुरुषांनी पडू नये, हा आमच्या घराण्याचा नियम. पण ही जावा म्हणजे संगणकाची भाषा निघाली. तिच्यात २०१४ साली 'लोकलडेट' नावाचा तारखेचा नवा साचा आला. त्याच्यावर 'फायनल' असा शिक्का आहे, म्हणजे त्याला पोटसाचा काढता येत नाही. त्याचा पुढचा दरवाजा आतून बंद. खिडकीतून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यायचे; आतून तयार तारीख मिळते. एकदा मिळाली की खाडाखोड नाही. थोडक्यात, आमच्या कॅशिअरची केबिन.

तर इकडे कंसातली माहिती, ती पाठवणारा बदलणार नाही. तिकडे साचा, तो करणारा बदलणार नाही. आणि मध्ये आमचा भाचा. मला एकदम त्याच्याबद्दल माया दाटून आली. मुलगा आपल्याच धंद्यात आहे!

"यावर उपाय काय करतात?" मी विचारले. त्याने चार सांगितले आणि चारही ऐकताना मला वाटत राहिले, की हा पोरगा आमच्या शाखेत लपून बसलेला होता.

पहिला उपाय मागच्या दाराचा. गूगलने २००८ साली 'जीसन' नावाचे एक अवजार लोकांना फुकट दिले. ज्या साच्याचा मूळ मजकूर तुमच्यापाशी नाही, तोही मी भरून देतो, ही त्याची प्रतिज्ञा. ते साच्याच्या आत शिरून बंद कप्प्यांत परस्पर माहिती ठेवते. साच्याचा दरवाजा नेहमीच्या रीतीने उघडला नाही, तर दरवाजावरची तपासणी चुकवून वस्तू तयार करण्याचीही त्याला कला आहे. आमच्या शाखेत असा एक शिपाई होता. साहेबांच्या कपाटाची किल्ली हरवली की त्यालाच बोलवायचे. काम तात्काळ होई; पण कपाट उघडते हे एकदा कळल्यावर साहेबांची झोप गेली. इथेही तसेच झाले. तपासणी चुकवून केलेली वस्तू म्हणजे सही न घेता उघडलेले खाते. शेवटी २०२१ साली जावाने आपल्या घरच्या साच्यांना आतून कड्या घातल्या, आणि मागच्या दाराने तारीख भरणाऱ्या कित्येकांची कामे अडली.

दुसरा उपाय परिपत्रकाचा. 'जॅक्सन' नावाचे दुसरे एक अवजार आहे. (जेसन, जीसन, जॅक्सन. बारशाला सगळी मंडळी एकाच आत्याकडे गेलेली दिसतात.) यात साच्याला हात लावायचा नाही. वेगळ्या कागदावर लिहायचे, की कंसात 'डीओबी' असे आले तरी साच्यात ते 'जन्मतारीख' असे वाचावे. याला 'मिक्स-इन' म्हणतात. हा शब्द आला आइस्क्रीमच्या दुकानातून! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या समरव्हिल गावी 'स्टीव्हज' नावाचे दुकान होते. तिथे साध्या आइस्क्रीममध्ये गिऱ्हाईक म्हणेल तो सुकामेवा, बिस्किटे वगैरे कालवून देत. जवळच्या एमआयटीतल्या संगणकवाल्यांना ते इतके आवडले, की त्यांनी आपल्या पद्धतीचे नाव 'फ्लेवर्स' ठेवले आणि वरून कालवायच्या तुकड्यांना 'मिक्स-इन'. पुण्यात ही मंडळी असती तर आज जगभर संगणकात मस्तानी ओतली गेली असती. आमच्याकडे मात्र यात आइस्क्रीम नसते. नुसते परिपत्रक असते : 'रकाना ७ मध्ये पित्याचे नाव असे छापले असले, तरी तेथे पतीचे नाव असे वाचावे.' फॉर्म तसाच राहतो, फक्त बायकांचे नवरे वडील म्हणून छापले जायचे थांबतात.

तिसरा उपाय ऐकून तर मी ताटावरून उठलोच. कंसातली माहिती थेट साच्यात भरायचीच नाही. आधी आपल्या घरच्या, आपल्याला हव्या तशा साध्या साच्यात उतरवायची, तिथे निरखायची, आणि मग एकेक कलम मोठ्या साच्यात न्यायचे.

"अरे, ही तर रोजकीर्द!" मी ओरडलो. "आधी रोजकीर्द, मग खतावणी! आम्हाला अकरावीत शिकवलं हे!"

"आम्ही त्याला डीटीओ म्हणतो," भाचा म्हणाला. नवीन पिढीला जुनी गोष्ट दिली की ती आधी तिची आद्याक्षरे करते.

चौथा उपाय कन्व्हर्टरचा. म्हणजे कारकुनाचा. साच्याच्या दाराशी एक आज्ञावली बसवायची. आलेला मजकूर तिने वाचायचा, समजून घ्यायचा, आणि साच्याला हव्या त्या क्रमाने खिडकीतून आत द्यायचा. मजकूर तसाच, साचा तसाच, अक्कल मधल्याची.

"छान! मग चौथाच उपाय कर," मी म्हणालो आणि दहीभात कालवला. मधल्याने अक्कल वापरायची म्हटल्यावर काय काय होते, हे मला कळायचे होते.

ते कळले २०२५ च्या फेब्रुवारीत. एक आजी माझ्या खिडकीशी आल्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेल्यावर आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. पासबुक पुढे सरकवून म्हणाल्या, "पैसे जास्त आलेत."

माझ्या नोकरीत ही तक्रार पहिलीच. मी चष्मा पुसला. हिशेब असा, की केंद्राच्या नियमाप्रमाणे ऐंशी वर्षे पुरी झाली की मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. आजींना ती जानेवारीपासूनच लागली होती.

"मी अजून ऐंशीची झालेले नाही," आजी म्हणाल्या. पस्तिशीच्या बाईला कोणी 'काकू' म्हटल्यावर ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात. "माझा जन्म एक जून पंचेचाळीसचा. जूनपर्यंत द्याल, आणि मग चूक झाली म्हणून एकदम कापून घ्याल. त्या महिन्यात मी औषधं कशानं आणू?"

बोलणे बिनतोड होते. पडद्यावर पाहिले, तर आजींची जन्मतारीख ६ जानेवारी १९४५. जुन्या कागदावर स्वच्छ ०१-०६-१९४५. मी आणखी चार पेन्शनरांची खाती उघडली. तिघेजण ६ जानेवारीचे. सहा जानेवारीला १८३२ साली 'दर्पण' जन्मले, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन असतो, हे मला माहीत होते. आमच्या शाखेतले इतके पेन्शनरही त्याच दिवशी जन्मले, हे नव्याने कळले.

आदल्याच दिवाळीनंतर आमच्याकडे नवी संगणकव्यवस्था आली होती आणि जुनी माहिती कंसांत बसून नव्या साच्यांत गेली होती. संध्याकाळी भाच्याला फोन केला.

"मामा, तिथल्या कन्व्हर्टरनं महिना आधी वाचला," तो म्हणाला.

"मग पंधरा ऑगस्टवाल्यांचं बरोबर कसं?"

"पंधरावा महिना नसतो ना! मग तो मनाशी म्हणाला असेल, जाऊ दे, उलटं वाचून बघू. उलटं बसलं. बारा तारखेच्या आतले मात्र पहिल्याच फटक्यात बसले. चुकीचे."

मी कागदावर हिशेब केला. वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत, की त्या उलट्या वाचल्या तरी तारीखच होते, पण दुसरीच. बाकीच्या एक तर अडतात, नाही तर ०५-०५ सारख्या दोन्हीकडून सारख्या. म्हणजे तो कन्व्हर्टर आळशी नव्हता. त्याला मदतीची फार हौस होती. अडले की विचारायचे सोडून तो कसेही करून बसवत होता.

आणि महाराष्ट्रात एक जूनवाले काय थोडे आहेत? तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे दाखले काढून पाहा. आई मुलाला शाळेत घेऊन गेली, की मास्तर जन्मतारीख विचारत. आई सांगे, "प्लेगनंतरच्या सुगीत", नाही तर "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी". मास्तरांच्या रजिस्टरात पोळ्याचा रकाना नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू होई, वय बेताचे भरे. मास्तर दौतीत टाक बुडवून लिहीत : १ जून. जन्म बदलता येत नाही, रजिस्टर बदलता येत नाही. मधल्या मध्ये मास्तर. महाराष्ट्रातला पहिला कन्व्हर्टर धोतर नेसत असे.

मी आजींना विचारले, "एक जून मास्तरांचीच ना? खरी कोणती?"

आजी हसल्या. "नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाले मी. लढाई संपली, त्या साली. आई सांगायची, बायका हाताला मेंदी लावत बसल्या होत्या आणि सुईणीला बोलवायला कोणी उठेना."

"मग तसा अर्ज करायचा का?"

"नको रे बाबा. मास्तरांनी आईला विचारून लिहिली होती. ठोकून दिली, पण सांगून ठोकून दिली. साऱ्या कागदांवर आता तीच आहे. तीच ठेव."

या वाक्यात सगळे आले. अंदाज मास्तरांनीही केला आणि यंत्रानेही केला. पण मास्तरांना आपण अंदाज करतो आहोत हे ठाऊक होते, समोरच्या आईला ठाऊक होते, गावाला ठाऊक होते. यंत्राचा अंदाज मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. पडद्यावर तो सत्य होऊन बसला होता. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने जादा पैसे परत करायला जिना चढला नसता, तर पुढेही बसून राहिला असता.

आजींचा अर्ज मी स्वतः लिहिला. पेन्शनच्या कार्यालयातून तारीख दुरुस्त होऊन आली, जानेवारीची वाढ पुढच्या तीन महिन्यांत थोडी थोडी वळती झाली, औषधे अडली नाहीत. बाकीच्या सहा जानेवारीवाल्यांची यादीही वर पाठवली. जूनपासून आजींना वाढ लागली. त्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या आणि "आता म्हण ऐंशीची," असे म्हणाल्या.

भाच्याने मात्र या प्रकरणाचा धसका घेतला. त्याने आपला कन्व्हर्टर नव्याने लिहिला. आता त्याच्याकडे तारीख वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आली पाहिजे. दुसऱ्या क्रमाने आली की तो उलटसुलट करून बघत नाही. काम थांबवतो आणि कोणते खाते, कोणता रकाना, काय खटकले, ते ओरडून सांगतो.

"याला आमच्यात फेल फास्ट म्हणतात," भाचा म्हणाला. "शंका आली की लगेच अडवायचं. बसवायचं नाही. फार मोठा गुण मानतात."

मी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावले. हिलाही स्वयंपाकघरातून बोलावून ऐकवले. आकड्यांत आणि अक्षरांत फरक, सही जुळत नाही, खिडकी नंबर तीनवर चौकशी करा, असे आम्ही म्हटले की लोक आम्हाला आडमुठे म्हणतात. तोच आडमुठेपणा हिंजवडीत गुण आहे आणि त्याला तिप्पट पगार आहे!

"मामा, पण एक राहिलंच," जाताना भाचा म्हणाला. "त्या आजींची नागपंचमी कुठे ठेवायची? साच्यात तिला कप्पा नाही. जादा रकाना आला की जीसन तो गुपचूप टाकून देतो. जॅक्सन कित्येक वर्षं असा रकाना दिसला की सगळा कागदच परत करायचा. आणि जेसनमध्ये शेरा नाही."

खरेच होते. आजींची खरी जन्मतिथी आज कुठल्याच संगणकात नाही. ती माझ्या ड्रॉवरमधल्या एका दोनशे पानी वहीत आहे. खाते क्रमांकापुढे लिहिले आहे : 'नागपंचमीचा आदला दिवस. मेंदी.' इतरांचेही पोळे, सुगी, महापूर मी तिच्यात विचारून विचारून उतरवतो आहे. ऑडिटर आले की वही घरी नेतो. कारण तिला फॉर्म नंबर नाही.